दोन नळ्या छर्ऱ्याच्या, एक गोळीची: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एकाच दस्त्यावर रायफल आणि शॉटगन दोन्ही बसवलेल्या बंदुकांवर छोटं टिपण आलं होतं. दोन नळ्यांची बॉकबुक्सफ्लिंटे, तीन नळ्यांची ड्रिलिंग, चार नळ्यांचा फीअरलिंग असे प्रकार त्यात सांगितले होते आणि ही परंपरा मुख्यतः जर्मनीतल्या झूलची आणि ऑस्ट्रियातल्या फेरलाखची, एवढं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली आणि जवळजवळ प्रत्येकात "किंमत किती येईल?" हा प्रश्न आहेच. म्हणून आधीच सांगतो, या बंदुकांची किंमत नक्षीवर ठरत नाही, ती नळ्यांत, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) आणि शिक्क्यांमध्ये असते आणि ते फोटोत दिसत नाही.

प्रश्न: माझे सासरे जर्मनीत शिकार करायचे. ते गेले आणि त्यांची ड्रिलिंग माझ्या बायकोकडे वारसाने आली. दोन नळ्या छर्ऱ्याच्या, सोळा बोर मापाच्या, खाली रायफल आठ मिलीमीटरची. बाजूंवर हरणांची फार सुंदर नक्षी आहे आणि नळीवर क्रुप एसेन असं लिहिलंय. ओळखीचे एक जण म्हणाले की क्रुपने बनवलेली बंदूक म्हणजे खजिनाच. आमच्या दोघांकडेही शिकारीचा परवाना नाही. ठेवावी का विकावी, आणि विकली तर किती येतील?

उत्तर: किमतीचं नंतर बघू, आधी कागदपत्रं. ताबा आला की लगेच शस्त्र परवाना ऑफिसला कळवायचं, आणि वारसा स्वीकारल्यापासून एक महिन्याच्या आत तुमच्या पत्नीने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा, हा जर्मन शस्त्र कायद्यातला नियम आहे आणि तो चुकवू नका. शिकारीचा परवाना किंवा तशी दुसरी गरज दाखवता येत नसेल तर नळ्यांमध्ये ब्लॉकिंग सिस्टीम (नळी बंद करणारं कुलूप) बसवून घ्यावी लागते, २००८ पासून ही सक्ती आहे. कपाटात सासऱ्यांची काडतुसं उरली असतील तर ती मात्र बंदुकीसोबत ठेवता येत नाहीत, ती परवानाधारकाकडे द्या किंवा निकामी करून घ्या. हे सगळं नको असेल तर परवाना असलेल्या शिकाऱ्याला किंवा डीलरला बंदूक देऊन मोकळं होता येतं, फक्त घाईघाईत पहिल्याच माणसाला देऊ नका.

आता क्रुप. ते अक्षर न् अक्षर नीट वाचा, बहुतेक "फ्लुसस्टाल क्रुप एसेन" असं असेल. हे नळीच्या पोलादाचं नाव आहे, बंदूक बनवणाऱ्याचं नाही. क्रुपचं पोलाद त्या काळी असंख्य कारागीर वापरायचे, साध्यातल्या साध्या ड्रिलिंगवरही हे शब्द सापडतात. नळ्यांमधल्या पट्टीवर एखाद्या गावाचं आणि दुकानदाराचं नाव असेल तर तोही पुष्कळदा विकणाराच असतो, तयार माल झूलहून यायचा आणि पट्टीवर दुकानाचं नाव कोरून घेतलं जायचं. म्हणजे खरा जन्मदाखला वर कुठेच नाही, तो खाली आहे.

तो बघायचा कसा ते सांगतो, पण जवळ जाणकार बंदूकदुरुस्तीवाला बसलेला असताना आणि तिन्ही चेंबर रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी केल्यावरच. नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग काढायचा, खटका फिरवून बंदूक उघडायची आणि नळ्या हुकावरून अलगद सोडवायच्या. मग नळ्या उलट्या धरल्या की चेंबरखाली जी सपाट जागा दिसते तिथे बारीक बारीक शिक्के दाटीवाटीने असतात. मुकुट, गरुड, एक-दोन अक्षरं, गोलात बोरचा आकडा, आणि झूलच्या बऱ्याच बंदुकांवर महिना आणि सालाचे आकडे. तिथे ८.२८ असं असेल तर ऑगस्ट १९२८ मध्ये ती प्रूफ हाउसमध्ये (बंदुकांची चाचणी घेणाऱ्या अधिकृत केंद्रात) तपासली गेली असं समजायचं. गरुडाखाली एन हे अक्षर असेल तर ती १९३९ च्या कायद्याखाली धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. त्याच जागी सिरीयल नंबर असतो, तोच नंबर मधल्या लोखंडी भागावर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर जुळतो का बघा. जुळला तर किंमत टिकते, नाही जुळला तर कुठेतरी जोडाजोड झाली आहे.

तुमच्या बंदुकीच्या बाबतीत मला खरी काळजी त्या आठ मिलीमीटरची वाटते. जुन्या नळ्या ८×५७ आयआरच्या असतात, त्यात ०.३१८ इंचाची गोळी चालते. नंतरच्या ८×५७ आयआरएसला ०.३२३ इंचाची लागते. फरक ऐकायला केसाएवढा आहे पण जाड गोळी जुन्या अरुंद नळीत मारली तर दाब धोकादायक वाढतो, आणि काडतुसाचं कवच सारख्याच लांबीचं असल्यामुळे ते आत बसतंसुद्धा, म्हणून माणूस फसतो. तेव्हा नळी मोजून घेतल्याशिवाय त्यात काहीही घालायचं नाही आणि विकताना घेणाऱ्यालाही हे लेखी द्यायचं. तसंच सोळा बोरचं. जुन्या जर्मन सोळा बोरचे चेंबर पुष्कळदा ६५ मिलीमीटरचे असतात आणि आज दुकानात मिळतात ती काडतुसं ७० ची. मिटलेलं काडतूस छोट्या चेंबरमध्येही जातं, पण बार झाल्यावर त्याचं तोंड उघडायला पुढे जागा उरत नाही. कोणीतरी मधल्या काळात चेंबर वाढवून घेतले असतील तर त्यानंतर पुन्हा प्रूफ केल्याचा शिक्का आहे का तेही बघा.

आणि किंमत. खरं सांगतो, जर्मनीत जुन्या ड्रिलिंगना आज फार मागणी नाही. शिकाऱ्यांच्या एका पिढीची कपाटं एकदम रिकामी होतायत आणि नवीन शिकारी बोल्ट रायफल (दर गोळीनंतर हाताने खटका ओढायची, एका नळीची) घेतात. त्यामुळे सोळा बोर आणि आठ मिलीमीटरची चांगली बंदूकसुद्धा तिच्यामागच्या मेहनतीच्या मानाने फार कमी पैशात जाते, मला याचं मनापासून वाईट वाटतं कारण असं हातकाम आज करून घ्यायचं म्हटलं तर परवडणार नाही. काय बघून किंमत वर जाते? नळ्या आतून आरशासारख्या आहेत का, बंद केल्यावर बिजागरीत खुळखुळ आहे का, नंबर जुळतात का, लाकडाला मानेजवळ, हाताची पकड असते तिथे, तडा गेलाय का, रायफलची काडतुसं आजही सहज मिळणारी आहेत का. ७×६५आर, ९.३×७४आर अशी चालू काडतुसं असली की घेणारा पटकन मिळतो. नक्षी सगळ्यात शेवटी. ती हाताने खोल कोरलेली असेल, खाली कारागिराची सही असेल तर नक्की भर पडते, पण गंजलेल्या नळ्यांवरची नक्षी फक्त भिंतीवर टांगायच्या कामाची.

एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे स्कोप, नेमाची दुर्बीण. जुन्या ड्रिलिंगवर झूल पद्धतीची नखांची पकड असते, स्कोपच्या खालची नखं बंदुकीवरच्या खाचांत अडकतात आणि स्कोप काढून परत लावला तरी नेम तिथेच राहतो. ती पकड त्या एका बंदुकीसाठी हाताने कानशीने घासून बसवलेली असते. तेव्हा सासऱ्यांच्या कपाटात एखादा जुना काळा स्कोप सुटा पडला असेल तर तो जुना म्हणून टाकून देऊ नका, तो बंदुकीसोबतच गेला पाहिजे. दुसरा बसवून घ्यायचा म्हटलं तर खर्च बंदुकीच्या अर्ध्या किमतीपर्यंतही जाऊ शकतो.

प्रश्न: मी नुकताच शिकारीची परीक्षा पास झालोय, इथे जर्मनीतच. पहिली बंदूक म्हणून जुनी ड्रिलिंग घेऊ का वेगळी रायफल आणि वेगळी शॉटगन घेऊ? मित्र म्हणतात ड्रिलिंग म्हणजे ना धड रायफल ना धड शॉटगन.

उत्तर: तुमच्या मित्रांनी बहुतेक रेंजवर बसून मत बनवलंय, रानात नाही. रेंजवर ड्रिलिंग खरंच मार खाते आणि त्याचं कारण समजून घ्या. तीन नळ्या एकमेकींना झाळून जोडलेल्या असतात. खालच्या रायफलच्या नळीतून गोळी गेली की ती तापते आणि लांबायला बघते, वरच्या दोन थंडच असतात, मग सगळा जोड वरच्या बाजूला वाकतो आणि पुढची गोळी वर लागते, त्याच्या पुढची आणखी वर. लोक पाठोपाठ गोळ्या मारतात, कागदावर उभी शिडी झालेली बघतात आणि बंदूक खराब म्हणून विकून टाकतात. बंदूक खराब नसते. थंड नळीतून एक गोळी मारा, बंदूक उघडून ठेवा, नळी हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबा, मग दुसरी मारा. वेळ जातो, पण नेम त्या थंड पहिल्या गोळीवरच लावायचा असतो कारण रानात तुम्हाला तीच मिळते. चांगली ड्रिलिंग तशी तपासली तर पहिल्या गोळीला कुठल्याही रायफलच्या शेजारी उभी राहते.

तिचा खरा उपयोग कुठे, तर पुढे काय येणार हे माहीत नसतं तिथे. शेताच्या कडेला संध्याकाळी बसलात, ससा येईल, कोल्हा येईल, रो हरीण (युरोपातलं छोटं हरीण) येईल, एखादं रानडुक्कर मक्यातून बाहेर पडेल. जर्मन कायद्याप्रमाणे खुरांच्या जनावरांवर छर्रे मारायला बंदी आहे. रो हरणासाठी १०० मीटरवर किमान १००० ज्यूल ताकद लागते आणि बाकीच्या खुरांच्या जनावरांसाठी किमान ६.५ मिलीमीटरची गोळी आणि १०० मीटरवर २००० ज्यूल. म्हणजे नुसती शॉटगन घेऊन बसलात तर हरीण समोर असून बघत बसायचं आणि नुसती मोठी रायफल असेल तर ससा हातचा गेला. हा पेच एका बंदुकीत सोडवायचा म्हणून तर हे सगळं इतक्या मेहनतीने बनवलं गेलं. इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेसाठी केप गन बनवल्या, शेजारी शेजारी एक नळी रायफलची एक छर्ऱ्याची, त्यामागेही हाच विचार होता.

पण हाका घालून रानडुकरांची शिकार असते तिथे, जिथे पाठोपाठ दोन-तीन गोळ्या लागू शकतात, तिथे बोल्ट रायफल घ्या. आणि बदकं-पक्ष्यांमागे दिवसभर फिरायचं असेल तर साधी दुनळी हलकी पडते, ड्रिलिंग तीन-साडेतीन किलोपर्यंत जाते आणि स्कोप चढवला की तोल वर सरकतो, उडत्या पक्ष्यावर ती आळसट वाटते. त्यासाठीच स्कोप पटकन काढता येण्याची सोय असते, पक्ष्यांना जाताना स्कोप खिशात.

तुमच्यासाठी माझं मत असं: एकटे बसून, शांतपणे, एखाद-दुसऱ्या जनावरासाठी जाणारे असाल तर जुनी पण निरोगी ड्रिलिंग घ्या, आत्ता स्वस्तात मिळतायत आणि पुढच्या पिढीपर्यंत जाईल. बजेट थोडं जास्त असेल तर ज्या मॉडेलमध्ये रायफलची नळी वेगळी कॉक करावी लागते ती बघा, क्रीगहॉफ आणि ब्लेजरच्या नव्या बंदुकांत ही सोय आहे, अंगठ्याने ढकलेपर्यंत चाप दाबला तरी रायफल उडत नाही.

प्रश्न: ड्रिलिंगच्या दस्त्याच्या मानेवर वरती जी सरकपट्टी असते तीच सेफ्टी ना? माझ्या दुनळीवर तिथेच आहे.

उत्तर: नाही! हे पत्र आलं ते फार बरं झालं. बहुतेक पारंपरिक ड्रिलिंगवर ती पट्टी नळी निवडायची असते. ती पुढे सरकवली की पुढचा चाप उजव्या छर्ऱ्याच्या नळीवरून रायफलच्या नळीवर जातो आणि त्याच वेळी नळ्यांमधल्या पट्टीवरची रायफलची नेम धरायची खाच टक्कन उभी राहते, ती उभी दिसली म्हणजे गोळी तयार आहे. सेफ्टी बऱ्याचदा दस्त्याच्या डाव्या बाजूला वेगळी असते, ग्रीनर पद्धतीची. दुनळीची सवय असलेला माणूस पक्षी उडाला की अंगठ्याने ती पट्टी पुढे ढकलतो, त्याला वाटतं सेफ्टी काढली, आणि आकाशाकडे छर्ऱ्यांच्या ऐवजी रायफलची गोळी जाते जी कित्येक किलोमीटर दूर कुठे पडेल सांगता येत नाही. मॉडेलप्रमाणे रचना बदलते म्हणून नवीन ड्रिलिंग हातात आली की रिकाम्या बंदुकीवर, डमी काडतुसं घालून, आधी ही पट्टी, सेफ्टी आणि दोन्ही चाप पूर्ण पाठ होईपर्यंत सराव करा, मग रानात.

आणखी एक, पुढचा चाप पुढे ढकलला तर तो सेट होतो, मग नुसत्या स्पर्शाने बार उडतो. सेट केला आणि जनावर निघून गेलं तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून आधी बंदूक उघडा, काडतुसं काढा, चाप सैल करायचं काम त्यानंतर.

प्रश्न: अमेरिकेत एका शेजाऱ्याकडे सॅव्हेज मॉडेल २४ आहे, वर .२२, खाली .४१०. तो विकतोय. पण बंदुकीवर सिरीयल नंबरच नाही. चोरीची असेल का?

उत्तर: तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. मॉडेल २४ ही १९५० पासून १९८९ पर्यंत बनली आणि १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टआधी अमेरिकेत .२२ च्या रायफली आणि शॉटगनवर नंबर घालायची सक्ती नव्हती, त्यामुळे जुन्या मॉडेलवर नंबर नसणं नेहमीचं आहे. मात्र लोखंडावर घासल्याच्या, कानशीच्या खुणा असतील, एखादी जागा उगाच चकचकीत किंवा खोलगट दिसत असेल तर हात लावू नका, मुद्दाम खोडलेला नंबर हा गुन्हा आहे.

नळी निवडायचं बटण बाजूला असेल तर ती आधीच्या काळातली, घोड्यावर (मागच्या हॅमरवर) असेल तर नंतरची. साध्या लोकांची, साध्या कामाची बंदूक आहे, खार, ससा, तितर एवढंच. पण ती बंद झाल्यावर तशी दुसरी सहज मिळेना म्हणून लोक आता जपून ठेवतात. .२२ हॉर्नेट, .२२२ किंवा .३०-३० ची वरची नळी आणि खाली वीस किंवा बारा बोर असलेल्या जास्त मागितल्या जातात. तुमची .२२ आणि .४१० सगळ्यात जास्त दिसणारी जोडी आहे, तेव्हा दुर्मिळ म्हणून जादा पैसे देऊ नका. घेण्याआधी दोन्ही नळ्यांचा नेम एकाच ठिकाणी जातो का ते कागदावर बघा, या बंदुकांत तिथेच जास्त गडबड निघते. नळ्या कापून आखूड केलेल्या तर नाहीत ना तेही मोजा, रायफलच्या नळीला १६ इंच आणि छर्ऱ्याच्या नळीला १८ इंच ही अमेरिकेतली किमान लांबी आहे. १९३४ च्या कायद्याने लांबीचे नियम आणले तेव्हा मार्बल कंपनीची १९०८ पासून चालत आलेली गेम गेटर नावाची छोटी दोन नळ्यांची बंदूक त्यात अडकली होती, आणि आजही जुनी गेम गेटर घेताना पहिला प्रश्न नळीच्या लांबीचाच विचारतात.

प्रश्न: एक विक्रेता लुफ्टवाफेची ड्रिलिंग देतोय, गरुडाचा शिक्का आहे, पेटी नाही. खरी कशी ओळखायची?

उत्तर: खरी म्हणजे सावर अँड सोनची एम ३०. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेवर उडणाऱ्या जर्मन विमानदलाच्या लोकांसाठी बनवलेली, दोन नळ्या बारा बोर आणि खाली ९.३×७४आर, ॲल्युमिनियमच्या पेटीतून दिलेली. साधारण अडीच हजारच बनल्या, म्हणून संग्राहक त्यासाठी भरपूर मोजतात आणि म्हणूनच साध्या सावर ड्रिलिंगवर गरुड ठोकून विकणारेही आहेत. सोळा बोरवर तो गरुड (प्रूफच्या शिक्क्यातला नव्हे, विमानदलाचा) असेल तर तिथेच विषय संपला. बारा बोर आणि ९.३ बरोबर असेल तरी शिक्क्याच्या कडा जुन्या झिलईच्या खाली आहेत की वरून नव्याने चमकतायत ते भिंगाने बघा, प्रूफची तारीख १९४१-४२ च्या आसपासची आहे का बघा. पेटी नसताना पेटीसकटची किंमत देऊ नका, आणि लेखी खात्री देत नसेल तर सोडून द्या. अंतराळवीरांच्या तीन नळ्यांच्या टीपी-८२ बद्दलही एकाने विचारलंय: १९६५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर लिओनॉव्ह आणि बेल्यायेव्ह यांचं यान उरलच्या जंगलात भलतीकडेच उतरलं, त्या अनुभवातून ती पुढे बनली, १९८६ पासून सोयुझमध्ये असायची, पण ती बाजारात शोधायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न: जुन्या ड्रिलिंगच्या चोकमधून (नळीच्या तोंडाशी अरुंद केलेल्या भागातून) स्टीलचे छर्रे मारले तर चालतील का? शिशावर बंदी आलीय म्हणून विचारतो.

उत्तर: युरोपियन युनियनमध्ये १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी आणि त्यांच्या आसपास शिशाचे छर्रे बंद आहेत, आणि बऱ्याच जुन्या ड्रिलिंगचे चोक एकदम आवळलेले, नळ्या पातळ. स्टील शिशासारखं दबत नाही, आवळलेल्या चोकमध्ये नळी फुगू शकते, आणि झाळलेल्या तीन नळ्यांतली एक फुगली की बाकी दोघींचा नेमही गेला. बंदुकीवर स्टीलसाठी प्रूफ केल्याचा शिक्का नसेल तर नका मारू. बिस्मथचे छर्रे मऊ असतात, ते तुमच्या चेंबरच्या लांबीत, म्हणजे ६५ असेल तर ६५ मध्येच, मिळतात का बघा. महाग पडतात पण ड्रिलिंगवाल्याला दिवसाला लागतात किती. चोक कापून मोकळा करून घ्यायचा सल्ला कोणी दिला तर आधी दुरुस्तीवाल्याकडून लिहून घ्या की त्याने नळ्यांच्या भिंतीची जाडी मोजली आहे, आणि कापल्यावर छर्ऱ्याच्या दोन्ही नळ्या कागदावर पुन्हा तपासा.